वांग, स्कूटी आणि सनस्क्रीन: फिजिकल घ्यावं की केमिकल?

मालवकन्या | २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

सगळ्यांना नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, वय ३९, शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग, म्हणजे काळपट डाग, उठलं, त्याला नऊ वर्षं झाली. एरवी थंडीत ते जरा फिकं पडतं. यंदा संक्रांतीला पोरांबरोबर सकाळपासून गच्चीवर होते. पतंग, तिळगूळ, जेवणंसुद्धा तिथंच झाली. हवा इतकी गार होती की ऊन लागतंय असं वाटलंच नाही. आठवड्याभरात गाल असे काळवंडले की रथसप्तमीपर्यंत ज्या-ज्या घरी हळदीकुंकवाला गेले, तिथं वाण हातात देताना प्रत्येकीनं आधी चेहऱ्याचं विचारलं. मला ते फार लागलं. घरी येऊन रडले.

आता मुद्द्याचं. आतापर्यंत दोन ट्यूब वापरून झाल्या. पहिली झिंक ऑक्साइडची, म्हणजे फिजिकल. ती लावली की चेहरा भस्म फासल्यासारखा पांढरट व्हायचा आणि घाम आला की त्याच्या रेषा उमटायच्या. म्हणून दुसरी घेतली, जेलसारखी, केमिकल. ती दिसत नाही, चिकटत नाही, पण घाम आला की डोळ्यांत उतरते. एकदा चोइथराम चौराह्यावर सिग्नलला उभी असताना डोळे इतके झोंबले की स्कूटी ढकलत बाजूला घ्यावी लागली.

रोज सकाळी साडेसहाला लावते, सातला निघते, दीड-दोनपर्यंत घरी येते. जाता-येता साडेआठ-साडेआठ किलोमीटर. स्टोल गुंडाळलेला असतो, डोळे तेवढे उघडे. तरी वांग हटत नाही.

वांगासाठी दोहोंतलं कोणतं घ्यावं? मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला मुरुमं आहेत, तिला कोणतं चालेल? आणि केमिकलवालं रक्तात उतरतं असं सगळीकडे ऐकते आहे, त्यात तथ्य आहे का? सासूबाई म्हणतात की एवढं सगळं लावलं तर हाडांना ऊन कुठून मिळणार. त्यांचंही मला खोटं वाटत नाही.

रामबागवाला | २ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, डोळे झाकून फिजिकल घ्या. ते त्वचेच्या वर बसतं आणि किरण आरशासारखे परत पाठवतं. केमिकल त्वचेत मुरतं, किरण आत घेतं, त्याची उष्णता करतं आणि त्या उष्णतेनंच वांग वाढतं. आमच्या घरी हाच नियम आहे.

ग्वाल्हेरची_लेक | २ फेब्रुवारी, रात्री १०.४०

डोळ्यांचं मी भोगलंय. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पारा जातो, घामाच्या धारा लागतात. मी आता एकच करते: भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंकची काडी मिळते ती फिरवते, बाकी चेहऱ्यावर जेल. झिंक डोळ्यांत गेलं तरी झोंबत नाही. एकाच चेहऱ्यावर दोन्ही वापरायला काही हरकत नाही.

बीकरवाली | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

पीथमपूरला एका कारखान्यात सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. तिथं सनस्क्रीनही बनायचं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रामबागवाला दादा, आरशाचं तुम्ही सांगितलंत तेच मीही शिकले होते, आणि कितीतरी डब्यांवर आजही तेच छापलेलं असतं. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात असं दिसलं, की झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांपैकी सरासरी ४ ते ५ टक्केच परतवतात. बाकी सगळं काम ते किरण शोषूनच करतात, म्हणजे केमिकलवालं करतं तेच. शोषलेल्या किरणांची उष्णता दोन्हींत होते आणि ती इतकी थोडी असते की त्वचा त्यानं तापत नाही. त्यामुळे उष्णतेच्या भीतीनं केमिकल टाळण्यात अर्थ नाही.

नावांचाही घोळ आहे. झिंक ऑक्साइड हेही रसायनच. उलट रसायनशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर ज्यांना आपण केमिकल म्हणतो ती सेंद्रिय संयुगं आणि ज्यांना नैसर्गिक समजतो ते झिंक आणि टायटॅनियम असेंद्रिय. म्हणून नाव सोडा आणि मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा. तिथं झिंक ऑक्साइड असेल तर यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) आणि यूव्हीए (त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण) दोन्हींवर बऱ्यापैकी सलग संरक्षण मिळतं. नुसतं टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर यूव्हीबीवर चांगलं, पण ३४० नॅनोमीटरच्या पुढच्या लांब यूव्हीएवर कमी पडतं. ब्यूटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमीथेन असं लांबलचक नाव दिसलं तर ते अ‍ॅव्होबेन्झोन. यूव्हीएसाठी उत्तम, पण उन्हात हळूहळू मोडतं. त्याच्याबरोबर ऑक्टोक्रिलीन असलं तर टिकतं. त्याच्याबरोबर इथाइलहेक्साइल मेथॉक्सीसिनामेट, म्हणजे ऑक्टिनॉक्सेट असलं, तर दोघं उन्हात एकमेकांना मोडतात. ही जोडी दिसली तर मी ती ट्यूब परत ठेवते. टिनोसॉर्ब एससारखे नवे फिल्टर, म्हणजे किरण अडवणारे घटक, उन्हात मोडत नाहीत आणि यूव्हीए-यूव्हीबी दोन्हींवर चालतात. युरोपात ते २००० सालापासून वापरात आहेत, आपल्याकडच्या चांगल्या जेलांमध्येही आता दिसतात.

आणि मालवकन्या ताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली. तुम्ही सकाळी साडेसहाला लावता आणि दीड-दोनला परत येता. सकाळी सातचं ऊन कोवळं असतं. इंदुरात सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बाराला नाही, साधारण साडेबाराला येतो. म्हणजे तुमची परतीची वेळ ऐन कडक उन्हाची, आणि तेव्हा चेहऱ्यावरचं सनस्क्रीन सात तासांचं जुनं. घामानं, स्टोलच्या घासण्यानं आणि वर्गात दहादा चेहऱ्यावरून रुमाल फिरवण्यानं त्यातलं फार थोडं उरलेलं असणार. फिजिकल असो की केमिकल, त्या वेळी तुमच्या गालावर जवळजवळ काहीच नसतं.

मालवकन्या | ३ फेब्रुवारी, दुपारी ३.०५

बीकरवाली ताई, हे वाचून मी खरंच थांबले. नऊ वर्षांत हे मला एकदाही सुचलं नाही. सकाळी लावलं म्हणजे दिवसाचं झालं असंच धरून चालले होते.

ओपीडीनंतर | ३ फेब्रुवारी, रात्री ११.१०

त्वचारोगांचा डॉक्टर आहे, इथं वेळ मिळेल तसा येतो. कोणाचंही निदान इथं करता येत नाही. नऊ वर्षांचं वांग प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवाच. पण सनस्क्रीनपुरतं सांगतो.

वांगाला तीन-चार गोष्टी एकत्र कारण असतात: घराण्याचा कल, गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बदललेले हार्मोन्स, ऊन, आणि चौथी गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते ती म्हणजे साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाश. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सावळ्या ते गडद त्वचेवर अतिनील किरण वगळून फक्त दृश्य प्रकाश टाकला. त्वचा काळवंडली, आणि दोन आठवड्यांनंतरही तो डाग होता. गोऱ्या त्वचेवर तो पडलाच नाही. आपण बहुतेक जण पहिल्या गटातले. सनस्क्रीनच्या बऱ्याचशा चाचण्या आणि डब्यांवरचे आकडे गोऱ्या कातडीच्या भाजण्यावर बेतलेले आहेत. एसपीएफ म्हणजे मुख्यतः यूव्हीबीनं त्वचा लाल होण्यापासून किती बचाव. आपली तक्रार लाल होण्याची नाही, काळवंडण्याची आहे. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकींना हे कोणी सांगितलेलं नसतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

रंगहीन केमिकल जेल, कितीही भारी असो, दृश्य प्रकाश अडवत नाही. पारदर्शक आहे म्हणजेच प्रकाश आरपार जातो. पांढरट झिंक थोडा अडवतं, तो पांढरा थर दिसतो तो त्यामुळेच. पण खरं काम करतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाचे लाल, पिवळे, काळे रंग. ते घातलेल्या सनस्क्रीनला टिंटेड म्हणतात. यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. २०१४ साली मेक्सिकोत झालेल्या चाचणीत वांगाच्या रुग्णांना डाग कमी करणारं एकच मलम दिलं, एका गटाला साधं सनस्क्रीन, दुसऱ्याला आयर्न ऑक्साइडवालं. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटात सुधारणा जास्त होती.

म्हणून वांग असेल तर माझं उत्तर फिजिकल की केमिकल असं नाही, टिंटेड आहे. त्यातली बहुतेक झिंक किंवा टायटॅनियमची असतात, आणि रंग असल्यामुळे तुमचा पांढरटपणाचा प्रश्नही सुटतो. आपल्या रंगाला जुळेल अशी छटा निवडा. परदेशी छटा बऱ्याचदा गुलाबीकडे झुकतात आणि गव्हाळ रंगावर राखेसारख्या दिसतात.

वांग नसेल, तर ज्याला जे रोज, भरपूर आणि कंटाळा न करता लावता येईल ते.

सुदामानगर_काकू | ४ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

डॉक्टर म्हणाले तसं दाखवाच गं बाई. माझं ऐक. मी साठीची आहे. पंचेचाळीसची असताना मलाही वांग होतं. औषधाच्या दुकानातल्या मुलानं काउंटरवरून एक मलम दिलं, म्हणाला सगळ्या बायका हेच नेतात. पंधरा दिवसांत चेहरा चकाकला. दोन वर्षं लावत राहिले. मग थांबवलं की चेहरा लाल, खाज, बारीक फोड, आणि वांग आधीपेक्षा गडद. गालाची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसत. त्यात स्टिरॉइड होतं हे मला पुष्कळ नंतर कळलं. चूक त्या मुलाची म्हणायची तर तोही कुठं शिकलेला होता. पण माझ्या चेहऱ्यावरच्या त्या शिरा आजही आहेत.

ओपीडीनंतर | ४ फेब्रुवारी, दुपारी २.००

काकू, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्या मिश्र मलमांत तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे आठवडे ती उपयोगी पडतात, क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावली तर चेहऱ्याची वाट लावतात. २०१८ साली सरकारनं अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. चिठ्ठी न मागता कोणी देत असेल तर घेऊ नका. रात्री ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांची त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, त्यांना तर दिवसा सनस्क्रीन चुकवून चालत नाही.

रामबागवाला | ४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

आरशाचं मला नव्यानं कळलं, धन्यवाद. तरीही रक्तात उतरण्याचं काय? ते तर अमेरिकेच्या सरकारनंच सांगितलंय ना? माझी बायको रोज लावते, म्हणून काळजीनं विचारतोय.

बीकरवाली | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

काळजी रास्त आहे, म्हणून पूर्ण सांगते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ साली २४ माणसांवर चाचणी केली. अंगाच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावलं. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन वगैरे फिल्टर रक्तात दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या वर सापडले. पुढच्या वर्षी मोठ्या चाचणीतही तसंच दिसलं. हा ०.५ चा आकडा म्हणजे विषाची पातळी नव्हे. याच्या वर सापडलं तर त्या घटकाची आणखी सुरक्षा-तपासणी करा, एवढाच त्याचा अर्थ. अपाय झाला असं त्या चाचणीत दिसलं नाही, आणि सनस्क्रीन थांबवा असं त्यांनी म्हटलं नाही, उलट वापरत राहा असंच सांगितलं. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोघांना त्यांनी सुरक्षित आणि परिणामकारक मानायचा प्रस्ताव मांडला, बाकीच्यांपैकी बारा घटकांची आणखी माहिती मागितली.

ऑक्सिबेन्झोनबद्दल मी स्वतः सावध आहे. त्याची अ‍ॅलर्जी तुलनेनं जास्त दिसते. हवाईनं २०१८ साली कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटच्या सनस्क्रीनची विक्री प्रवाळांच्या काळजीपोटी थांबवली. यादीत ते बेन्झोफिनोन-३ या नावानं येतं. नको असेल तर ते नसलेली ट्यूब सहज मिळते. बायकोच्या ट्यूबवरची यादी वाचून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक, कारण याच्यावर कोणी बोलत नाही: किती लावता? प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. लोक प्रत्यक्षात त्याच्या पाव ते निम्मं लावतात, आणि मग ५० चं संरक्षण ५० राहत नाही, फार खाली येतं. चेहरा आणि मान मिळून साधारण एक ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा, तेवढं. आता हिशोब करा: ५० ग्रॅमची ट्यूब, दिवसातून दोनदा, तर पंचवीस दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर ते सनस्क्रीन वापरणं नाही, वास घेणं आहे. मी हे अगदी कळकळीनं सांगते. महागातलं बोटभर लावण्यापेक्षा परवडणारं भरपूर लावा. माझ्या अनुभवात पांढरट झिंकवाले लोक लाजून थोडं लावतात आणि जेलवाले मोकळेपणानं लावतात. त्यामुळे कागदावर झिंक सरस असलं तरी चेहऱ्यावर कधीकधी जेल जिंकतं.

मालवकन्या | ५ फेब्रुवारी, रात्री ९.००

आत्ता उठून ट्यूब पाहिली. ५० ग्रॅमची आहे, दिवाळीच्या आधी घेतली होती. अजून निम्मी उरली आहे.

शिप्रा_ते_विश्वामित्री | ६ फेब्रुवारी, सकाळी ११.४५

माहेर उज्जैन, सासर बडोदा. पाचवा महिना चालू आहे आणि वरच्या ओठावर सावली दिसायला लागली आहे. आईलाही माझ्या वेळी वांग आलं होतं. आत्तापासून काय लावू? आणि बाळ झाल्यावर त्याला लावायचं का?

ओपीडीनंतर | ६ फेब्रुवारी, रात्री १०.३०

गरोदरपणात मी टिंटेड झिंक सुचवतो. झिंक त्वचेतून रक्तात जवळजवळ उतरत नाही आणि वांग अडवायला रंगाची मदत होते. आताच सुरू केलंत तर उत्तम, आलेलं घालवण्यापेक्षा येणारं रोखणं सोपं. डाग घालवणारी मलमं या काळात मनानं लावू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, सावली आणि सुती कपडे हेच त्याचं संरक्षण.

सायकलदादा | ७ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

पुरुषांकडून कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. बारा वर्षं इंदूर-देवास रोज गाडीनं जा-ये केली, काच बंद, एसी चालू. आता दोन्ही हात शेजारी धरले तर उजवा स्पष्ट काळा आणि सुरकुतलेला दिसतो. काचेतून ऊन लागत नाही अशी माझी समजूत होती.

बीकरवाली | ७ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

काच यूव्हीबी अडवते, म्हणून भाजत नाही आणि आपल्याला कळत नाही. यूव्हीए बाजूच्या काचेतून बराच आत येतो. पुढची काच दोन थरांची असते, ती जवळजवळ सगळा अडवते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी. आपल्याकडे तीच गोष्ट उजवीकडे. म्हणून सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ पाहू नका. डब्यावर ‘पीए’ लिहिलेलं असतं, त्यापुढची अधिकची (+) चिन्हं मोजा, चार असतील तर उत्तम. ही पद्धत जपानची आहे आणि ती यूव्हीएसाठीच आहे.

मालवकन्या | ७ फेब्रुवारी, दुपारी ४.१५

सायकलदादा, माझे मिस्टर बांधकामाच्या साइटवर असतात, दिवसभर उन्हात. मी लावायला दिलं तर म्हणतात, मजुरांसमोर मी क्रीम लावून उभा राहू का. तुम्ही कसं सुरू केलंत?

सायकलदादा | ७ फेब्रुवारी, रात्री ८.५०

वहिनी, मी घरातूनच लावून निघतो, तिथं कोणी पाहत नाही. पण साइटवर खरं काम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेवर पदर असलेली रुंद टोपी करते. आपल्या शहरात पहाटेपासून रस्ते झाडणाऱ्या ताई पाहा, पदर डोक्यावरून घट्ट आणि बाह्या मनगटापर्यंत. त्यांना दिवसातून दोनदा ट्यूब परवडणार नाही, आणि स्वच्छतेत नंबर मात्र आपल्याला त्यांच्यामुळेच मिळतो. महापालिकेनं, ठेकेदारांनी टोप्या आणि लांब बाह्यांचे कपडे द्यायला हवेत असं मला फार वाटतं. मिस्टरांना सांगा, स्वतःसाठी टोपी घेताना मजुरांसाठीही घ्या. मग कोणासमोर लाजायचा प्रश्न राहत नाही.

ग्वाल्हेरची_लेक | ८ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

आणि स्टोल? मालवकन्या ताई स्टोल बांधतात तरी वांग होतंच ना?

ओपीडीनंतर | ८ फेब्रुवारी, रात्री ११.००

स्टोल उजेडासमोर धरून पाहा. पलीकडचा दिवा स्पष्ट दिसत असेल तर प्रकाशही तसाच गालावर पोचतो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्टोल पातळ फिक्या जॉर्जेटपेक्षा कितीतरी चांगला. सनस्क्रीन लावून पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मग बांधा, नाहीतर ते कापडालाच लागतं.

सासूबाईंचा प्रश्न राहिला होता. ड जीवनसत्त्व यूव्हीबीमुळे तयार होतं, हे त्यांचं बरोबर आहे, आणि आपल्या देशात त्याची कमतरता पुष्कळ आहे. पण रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये ते त्यामुळे फार घटलं असं प्रत्यक्षातल्या चाचण्यांत दिसत नाही. चेहरा झाकून हात-पाय थोडा वेळ उन्हात राहिले तरी चालतं. शंका असेल तर रक्त तपासा आणि गोळी घ्या. वांगाचा गाल उन्हात धरणं हा त्यावरचा उपाय नाही.

मुलीबद्दल: मुरुमांच्या तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ लोशन, ज्यावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असेल ते. तिला वांग नाही, म्हणून रंगहीन चालेल. पण मुरुमांचे काळे डाग राहत असतील तर तिलाही टिंटेडचा फायदा होईल. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून १६२१ लोकांवर झालेल्या चाचणीत रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी होतं. सोळाव्या वर्षी सवय लागली तर आयुष्यभर पुरते.

मालवकन्या | ५ मार्च, रात्री १०.२०

महिना झाला, सांगायला आले. टिंटेड झिंक घेतलं. पहिली छटा गुलाबी निघाली, मैत्रिणीला दिली, दुसरी जुळली. सकाळी दोन बोटं, आणि एक वाजता शेवटच्या तासानंतर स्टाफरूममध्ये तोंड धुऊन पुन्हा दोन बोटं. पहिले दोन दिवस सगळ्या पाहत होत्या. आता आमच्यातल्या तिघी एका रांगेत आरशासमोर उभ्या असतो. ट्यूब सव्विसाव्या दिवशी संपली. स्टोल बदलला, गडद निळा घट्ट विणीचा घेतला.

डॉक्टरांना दाखवून आले, रात्रीसाठी मलम दिलंय, आठ आठवड्यांनी बोलावलंय. वांग गेलेलं नाही. पण फेब्रुवारीचं ऊन चढत असतानाही ते वाढलं नाही, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा झालं. डोळे झोंबत नाहीत. मिस्टरांनी साइटवर चौदा टोप्या नेल्या.

एक विचारायचंय. रविवारी रंगपंचमी आहे. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला पोरांना घेऊन जायचंय, त्यांना कबूल केलंय. दरवर्षी मी चेहऱ्यावर खोबरेल तेल चोपडते. आधी तेल की आधी सनस्क्रीन?

बीकरवाली | ६ मार्च, सकाळी ७.००

चेहऱ्यावर तेल नकोच. बहुतेक फिल्टर तेलात विरघळतात, वरून तेल चोळलं की सनस्क्रीनचा सलग थर फाटतो, आणि तेलावर सनस्क्रीन लावलं तर बसत नाही. आधी साधं जाडसर मॉइश्चरायझर, ते मुरलं की टिंटेड, पंधरा मिनिटं थांबायचं. तेल केसांना, कानांमागे आणि हातांना लावा आणि वर पूर्ण बाह्या घाला.

गेरमध्ये टँकरनं पाणी मारतात. वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असेल तरी त्याचा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं टिकतं, डब्यावर जे लिहिलंय तेवढंच. त्यामुळे छोटी ट्यूब प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा आणि टोपी घाला. शक्य असेल तर एखाद्या सावलीतल्या ओट्यावरून पाहा. गेर साडेदहा-अकरापासून ऐन दुपारीच चालते.

ओपीडीनंतर | ६ मार्च, रात्री ११.४०

घरी आल्यावर रंग घासून काढू नका. घासण्यानं वांग भडकतं. तेव्हा तेल लावा, दहा मिनिटं ठेवा, ओल्या मऊ कापडानं पुसा, मग सौम्य फेसवॉश. राहिलेला रंग दोन दिवसांत आपोआप जातो. रात्रीचं मलम त्या दिवशी लावू नका.

मालवकन्या | ६ मार्च, रात्री ११.५५

लक्षात ठेवते. सराफ्याच्या बाजूला आत्याच्या ओळखीचा ओटा आहे, सावलीतला. तिथूनच पाहू.